बिनगोळीचा रिपोर्ट

हे लिहायला बसायच्या आधी मी दोनदा भांडी घासली. घासलेलीच भांडी. ही गोष्ट तोंडावर आली की मला नेमकं काहीतरी काम आठवतं — चार वर्षं असंच चाललंय. मुलाला माहीत नाही. बहिणीला माहीत नाही. विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांना माहीत नाही. आणि ज्यांना माहीत असायला हवं, त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखत असता तर नसतं सांगितलं. एवढं तरी खरं बोलते.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी शिस्तीची बाई म्हणून प्रसिद्ध आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली. आलेला प्रत्येक कागद नोंदवल्याशिवाय हातातून सोडला नाही. साठीच्या आत चौदा किलो वजन उतरवलं, ते आजतागायत परत चढू दिलेलं नाही. गेटपाशी कुणी ना कुणी थांबवतं — "गायकवाड मॅडम, तुम्ही नक्की खाता तरी काय?" मी सांगते. साखर बंद, भात बंद, पोळी-भाकरी बंद. बायका मोबाइलवर लिहून घेतात. मी त्यांना सगळं सांगते. एक सोडून.

पण ते एक सांगायचं, तर आधी माझं जेवण सांगावं लागेल. हे गेले, आणि त्याच वर्षी मी निवृत्त झाले. मुलगा कॅनडात. शनिवारी त्याचा फोन येतो, त्याच्या शुक्रवारी. बाकी सहा दिवस माझ्याशी कोण बोलायचं? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, तोही बेल न वाजवता. मी सोमवारी कुकरभर खिचडी लावायचे आणि बुधवारपर्यंत खायचे. ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. ताट घ्यायचं कशाला — धुवायलाही मीच होते. वजन वाढलं, साखर काठावर आली, गुडघे बोलायला लागले. मग मोबाइलवर कुणाकुणाचं बघून मी पीठ आणि साखर सोडली. त्याच्या जागी तूप, अंडी, पनीर, साय. सकाळी कॉफीत चमचाभर तूप. हसू नका, चांगली लागते.

दोन महिन्यांत ब्लाउज सैल झाले. आणि एक दिवस बेल वाजली.

समोरच्या फ्लॅटमधल्या शमीमभाभी. बागवान. त्यांचे मिस्टर मार्केट यार्डात फळांचे व्यापारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी रेहाना लग्न होऊन कात्रजला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमची दारं नऊ वर्षं समोरासमोर होती. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा, बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून खीर जायची, डबे परत व्हायचे. बस. त्या दिवशी मात्र त्या दारात उभ्या राहून मला खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या.

"ताई, तुम्ही इतक्या बारीक झालात. काही दुखणं-खुपणं तर नाही ना?"

मी सांगितलं, दुखणं नाही, हे असं असं सोडलंय. त्या आत आल्या, बसल्या. म्हणाल्या, "माझी पण शुगर वाढलीये. मला शिकवा ना."

शिकवा. हा शब्द तुमच्या लक्षात राहू दे. एकतीस वर्षांत मला कुणी काही शिकवा म्हटलं नव्हतं.

मग आम्ही दोघी एकत्र जेवायला लागलो. एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे, बरोबर साडेबाराला. फ्लॉवर किसून त्याचा भात. बदामाच्या पिठाची भाकरी — ती थापताना इतकी तुटायची, की भाभी तिला "नाराज भाकरी" म्हणायच्या. त्या खिमा करायच्या, तुपाचा तवंग वाटीच्या काठापर्यंत. मी सुकटीचं कालवण करायचे, नारळ घालून. ताटं घेऊन बसायचो आम्ही. दोन ताटं! पेला कोण भरणार यावरून रोज भांडायचो. संध्याकाळी आळंदी रोडच्या बाजूला फिरायला. मला पाच मिनिटं उशीर झाला तर त्या गॅलरीतून वाकून बघायच्या. माझी कुणीतरी वाट बघतंय — ही गोष्ट मी विसरूनच गेले होते, तुम्हाला सांगते.

भाभींसाठी सगळ्यात अवघड होतं ते फळ. ज्या घरात आयुष्यभर पेट्यांनी आंबा आला, त्या घरात पहिल्याच मेमध्ये एक आंबा नाही आला. रेहाना चिडली. "अम्मी, हे काय खूळ घेतलंय डोक्यात? त्यापेक्षा माझ्याकडे या राहायला, मी करून घालते सगळं." हे ती वर्षभर म्हणत होती. भाभींचं उत्तर ठरलेलं — "ताईंबरोबर चाललंय माझं. मी इथेच बरी."

म्हणजे त्या इथे होत्या त्या माझ्यामुळे. आमच्या त्या जेवणामुळे. हे मला कळत होतं. फार नीट कळत होतं.

सहा महिन्यांनी मी रक्त तपासलं. साखर उतरलेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतच खाली वाचत गेले, आणि एका ओळीवर ठळक अक्षरात आकडा. वाईट कोलेस्ट्रॉल — एलडीएल — एकशे ब्याण्णव. नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की पीठ-साखर सोडल्यावर काहींचं हे वाढतं, त्यातून इतकं तूप, साय, खोबरं. "तुमचा मार्ग चुकीचा नाही, साखरेला फायदाच झालाय. फक्त तूप आणि साय कमी करा. त्याजागी मासे, अक्रोड, शेंगदाण्याचं तेल, भरपूर भाज्या. रात्री इसबगोल. आणि वडील हार्टने गेले म्हणता ना? मग ही गोळीही घ्या, रोज. तीन महिन्यांनी परत तपासू."

एवढंच. बघा ना, किती सोपं होतं! जेवण मोडायचं नव्हतं. नुसतं तूप कमी करायचं होतं — दोघींनी, दोन्ही घरांत.

मी रिपोर्ट पर्समध्ये घालून जिना चढले. भाभी दार उघडं ठेवून बसल्या होत्या. "काय आलं, ताई?"

"साखर उतरली," मी म्हणाले.

त्यांनी टाळी वाजवली. अक्षरशः, लहान मुलीसारखी. मला मिठी मारली. मग त्यांनी तुपात परतलेली अंडी पुढे ठेवली, आणि मी ती खाल्ली.

का नाही सांगितलं? मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. कधी वाटतं, भीती होती — मी चुकले म्हटलं, की रेहाना म्हणेल, बघा मी सांगत नव्हते, आणि भाभींना घेऊन जाईल. पण तेवढंच नव्हतं. खरं त्याहून लहान आहे, आणि लाजिरवाणं. मला त्यांच्यासमोर चुकायचं नव्हतं. त्या मला विचारून मीठ घालायच्या. ती जागा मला सोडवत नव्हती.

तर मी चोरून सुधारले. गोळ्यांची पाकिटं बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवली; ज्या घरात बिस्किट वर्ज्य, तिथे तो डबा कोण उघडणार? सकाळची तूप घातलेली कॉफी बंद केली, पण भाभींनी विचारलं की "घेतली" म्हणायचे. त्यांच्याकडच्या खिम्याचा तवंग चमच्याने बाजूला सारायचे — "आज पोट जड आहे हो." माझ्याकडे पाळी असली की मात्र त्यांच्या ताटात तूप नेहमीसारखंच वाढायचे. नेहमीसारखंच. कमी वाढलं असतं तर त्यांनी विचारलं असतं ना? रात्री दार लावून इसबगोल. तीन महिन्यांनी माझा आकडा निम्म्याच्या जवळ आला.

आणि त्याच आठवड्यात भाभींचा रिपोर्ट आला.

दुपार होती. कुकरची शिट्टी व्हायची होती. त्या कागद घेऊन आल्या आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यांचंही तेच — साखर खाली, कोलेस्ट्रॉल वर, माझ्याहून वर. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती, तूप कमी करा म्हणून सांगितलं होतं. त्या घाबरल्या होत्या. पण कशाला माहीत आहे? आजाराला नाही. गोळीला. त्यांच्या मिस्टरांच्या उशाशी शेवटी गोळ्यांचा ढीग असायचा. एकदा गोळी सुरू झाली की माणूस संपतं, असं त्यांनी मनात घेतलेलं. माझा नवा रिपोर्ट टेबलावरच होता. मी तो तिथे ठेवला होता — विसरले नव्हते, ठेवला होता. कुणीतरी तो बघावा, असं मला वाटत होतं.

त्यांनी उचलला. चष्मा लावला. बराच वेळ वाचला.

"ताई, तुमचं तर एकदम छान आहे. तुमचं पण वाढलं होतं का कधी?"

"थोडंसं," मी म्हणाले. "उतरलं आपोआप."

"गोळी घेता?"

इथे मी थांबले होते. हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय — थांबले होते मी. भांड्यावर वाफ आली होती, तिच्याकडे बघत होते. बिस्किटांचा डबा त्यांच्या डोक्याच्या वर, फळीवर. हात वर केला असता तर पुरत होता.

"नाही," मी म्हणाले. "बिनगोळीचं."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू. "मग मी पण बिनगोळीचंच करते. तुम्ही आहात ना."

हा माझा गुन्हा. मी लिहिला.

त्यानंतर नऊ महिने आम्ही तशाच जेवत राहिलो. नऊ महिन्यांत मला किती दुपारी मिळाल्या? अडीचशे तरी. एकदा मी गोळ्यांचं पाकीट पदराखाली घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलेही. बेलवर बोट ठेवलं. आतून त्या कुणाला तरी फोनवर सांगत होत्या — "आमच्या ताई म्हणजे डॉक्टरच्या वर. गोळी नाही, काही नाही." मी परत आले. त्या दिवशी मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याआधी — कसं लिहू — बरं वाटलं होतं.

मग तो शनिवार. सकाळी अकराच्या सुमाराला भाजी घेऊन आलो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाभी पायरीवर बसल्या. घाम इतका, की ओढणी गळ्याला चिकटलेली. म्हणाल्या, जबडा दुखतोय, गॅस असेल. मी खालून रिक्षा बोलावली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि त्या अर्धवट डोळ्यांनी मलाच धीर देत होत्या — "घाबरू नका, ताई. काही नाही होत."

दवाखान्यात आत घेतलं. तोंडावर मास्क लावला. तिथला डॉक्टर माझ्याकडे वळला. "आधीची औषधं काय चालू होती? कोलेस्ट्रॉलची गोळी?" भाभींना बोलता येत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी सांगेन म्हणून.

"मला कल्पना नाही," मी म्हणाले. "मी शेजारी राहते फक्त."

शेजारी. फक्त. त्यांनी ते ऐकलं का, मला माहीत नाही. मास्कवरून माणसाचं काही कळत नाही.

रेहाना आली. स्टेंट टाकला. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला. जिने चढायचे नाहीत असं सांगितलं. म्हणजे आमचा तिसरा मजला संपला. ज्या कात्रजला त्या जाऊ नयेत म्हणून मी एवढं केलं, तिथेच त्या गेल्या. फ्लॅट रिकामा करताना रेहानाला स्वयंपाकघरातल्या खणाच्या तळाशी, अंथरलेल्या कागदाखाली डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. घडी न मोडलेली. ती माझ्याकडे घेऊन आली. "मावशी, अम्मीने ही गोळी कधी आणलीच नाही. तुम्हाला काही बोलली होती का?" मी चिठ्ठी हातात घेतली, वाचल्यासारखं केलं. म्हणाले, "अगं बाई. मला नाही बोलल्या कधी."

तुम्ही म्हणाल, गोळी घेतली असती तरी झालं असतं कदाचित. माझ्या डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा त्याही तसंच म्हणाल्या — खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. त्या वाक्यावर मी दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी ते चालेनासं झालं. झटका कशाने आला हे मला माहीत नसेल. पण मी काय केलं हे माहीत आहे.

आणि तरीही, हे सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट पुढे आहे. ते टाळत टाळतच मी इथवर आले.

महिन्याभराने मी कात्रजला त्यांना भेटायला गेले. दोन बस बदलून. रेहानाने चहा दिला आणि ती आत गेली. भाभी गॅलरीत खुर्चीवर होत्या, अर्ध्या झालेल्या. त्यांनी माझा हात धरला आणि एकदम रडायला लागल्या. मला वाटलं, कळलं. मला वाटलं, डबा, पाकिटं, सगळं कळलं. आणि खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखं झालं.

"ताई, मला माफ करा. मी तुम्हाला फसवलं."

मला काही समजेना.

"मी आंबे खात होते. दोन्ही वर्षं. तुम्हाला चोरून. ह्यांच्या दोस्ताकडून डझनभर मागवायचे, दार लावून घ्यायचे, आणि सिंकपाशी उभी राहून खायचे, साली-कोयी पेपरात गुंडाळून लांब टाकून यायचे. तुम्ही इतकं मनापासून शिकवलंत. तुम्ही सांगितलं तसं मी नाही केलं, म्हणून हे झालं. तुमचं बघा, बिनगोळीचं कसं छान राहिलं. माझ्या पापानेच मला धरलं."

त्या रडत होत्या. दोन आंब्यांसाठी. फळवाल्याच्या घरची बाई, सिंकपाशी उभी राहून आंबा खाते — कुणामुळे? मी समोर होते. गॅलरीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. "भाभी, मी गोळी घेत होते." पाच शब्द. मी मोजलेत ते नंतर.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आवाज मऊ केला — तो मला करता येतो. आणि म्हणाले,

"जाऊ द्या, भाभी. झालं ते झालं. मी नाही रागावले."

मी त्यांना माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी. त्यांना.

त्यांनी माझा हात डोळ्यांना लावला.

आता समोरच्या फ्लॅटमध्ये आयटीतलं एक जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत, कानात यंत्रं घालून जातात-येतात. मी साडेबाराला जेवते. तूप अर्धा चमचा, भाज्या, मासे, रात्री इसबगोल, गोळी. गोळ्या आता टेबलावरच असतात, लपवायला कुणी नाही. गेल्या महिन्यातला रिपोर्ट उत्तम आहे.

दर रविवारी भाभींचा फोन येतो. चालताना धाप लागते, ती फोनवरही ऐकू येते. नातीला जवळ बसवून त्या सांगतात, की ह्या बघ, ह्या ताई, ह्यांचं ऐकलं असतं तर नानी आज तुझ्याबरोबर बागेत आली असती. नात म्हणते, "नमस्ते, ताईनानी." मी म्हणते, "सुखी रहा, बाळा." मग भाभी त्या आंब्यांचं काढतात. अजून काढतात, दर वेळी. स्वतःला दोष देतात.

आणि मी तो त्यांना देऊ देते.